सीझनभराची रँकिंग: वयोगटाच्या शर्यतीत तुमचा नंबर ठरतो कसा?

७ जुलै २०२४. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पॅरिस डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला. नवा राष्ट्रीय विक्रम! पण शर्यतीत नंबर आला सहावा, म्हणून गुण मिळाले ३. पुढे पोलंडमधल्या शर्यतीत तो १४वा आला, तिथे गुण शून्य. सीझनच्या तक्त्यातही तो १४वाच राहिला. फायनलला तक्त्यातले पहिले मोजकेच जण जातात. वरच्या काही खेळाडूंनी माघार घेतली म्हणून त्याला ब्रुसेल्सच्या फायनलची जागा मिळाली आणि तिथे तो नववा आला.

म्हणजे आयुष्यातली सर्वात वेगवान धाव, आणि तक्त्यात फक्त ३ गुण. यात चूक कुणाचीच नाही. डायमंड लीगचा नियमच तसा आहे: पहिल्याला ८ गुण, दुसऱ्याला ७, असं करत आठव्याला १. वेळ कितीही भारी असो, तक्ता फक्त नंबर बघतो.

हीच गोष्ट मोठ्या वयाच्या हौशी खेळाडूंच्या स्पर्धांना लागू केली की गणित अजून अवघड होतं. युरोप-अमेरिकेत बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्की शर्यती हिवाळाभर चालतात आणि त्यात ३० वर्षांपासून पुढे दर पाच वर्षांचा एक गट असतो. ॲथलेटिक्समध्ये हे ‘मास्टर्स’ गट ३५ पासून सुरू होतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण हाफ मॅरेथॉन आहेत आणि त्यात पळणारे काका-मावशीही आहेत. त्यांचा सीझनभराचा तक्ता कसा बनतो, ते टप्प्याटप्प्याने बघू.

टप्पा १: वेळ मोजणे

बिबच्या मागे किंवा बुटाला एक पातळ चिप लावलेली असते. तिच्यात बॅटरी नसते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर अँटेना असलेली मॅट अंथरलेली असते. मॅटमधून निघणाऱ्या रेडिओ लहरींवरच चिप क्षणभर जागी होते आणि आपला नंबर सांगते. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच तत्त्वावर चालतो. पोलीस भरतीच्या १६०० मीटरला चिप लावून पळाला असाल, तर हा अनुभव तुम्हाला आहेच.

इथे दोन वेळा तयार होतात. ‘गन टाइम’ म्हणजे शर्यत सुरू झाल्यापासूनची वेळ, आणि ‘चिप टाइम’ म्हणजे तुम्ही स्वतः रेषा ओलांडल्यापासूनची. गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसाला या दोन्हींत काही मिनिटांचा फरक पडू शकतो. वयोगटाचा निकाल कोणत्या वेळेवर लागणार, हे नाव नोंदवायच्या आधीच नियमांत वाचा.

टप्पा २: वयाचा हिशेब

२४ वर्षांचा पोरगा १० किलोमीटर ४० मिनिटांत पळाला आणि ५६ वर्षांचे काका ४५ मिनिटांत. भारी कोण?

यासाठी ‘एज ग्रेडिंग’ वापरतात. जगभरातल्या मास्टर्स खेळाडूंच्या सर्वोत्तम वेळांवरून प्रत्येक वयासाठी एक गुणक काढलेला असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे धरू. समजा, ५६ व्या वर्षासाठी गुणक ०.८४ आहे आणि सर्वोत्तम प्रमाण वेळ २७ मिनिटं. काकांची ४५ मिनिटं गुणिले ०.८४ म्हणजे ३७ मिनिटं ४८ सेकंद. आता २७ ला त्याने भागा: काकांना ७१.४ टक्के. पोराचे २७ भागिले ४०, म्हणजे ६७.५ टक्के. काका जिंकले!

ढोबळमानाने ६० टक्क्यांच्या वर स्थानिक दर्जा, ७० च्या वर प्रादेशिक, ८० च्या वर राष्ट्रीय आणि ९० च्या वर जागतिक दर्जा मानतात.

टप्पा ३: रस्ता वेगळा, मग तुलना कशी?

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमधली चढण आणि मुंबईचा समुद्राकाठचा रस्ता सारखा कसा मानायचा? स्कीवाल्यांना हा प्रश्न दरवर्षीच पडतो, कारण बर्फ कधी घट्ट असतो तर कधी भुसभुशीत. तोच मार्ग, तोच माणूस, तरी वेळेत मोठा फरक. म्हणून तिथे घड्याळापेक्षा सोबतच्या स्पर्धकांशी तुलना करतात. नॉर्वेची ५४ किलोमीटरची बिर्केबायनर शर्यत घ्या. तिथला मानाचा बिल्ला मिळवायचा तर आपल्या वयोगटातल्या पहिल्या पाच जणांच्या सरासरी वेळेत २५ टक्के मिळवून येणाऱ्या वेळेच्या आत पोचावं लागतं. सरासरी ४ तास असेल, तर मर्यादा ५ तास. बर्फ खराब असला की पहिल्या पाचांची वेळही वाढते आणि मर्यादा आपोआप पुढे सरकते.

याची कच्ची बाजू एकच: तगडे स्पर्धक आले नाहीत, तर सगळ्यांचेच गुण फुगतात.

टप्पा ४: बेरीज कोणत्या शर्यतींची?

खरी मेख इथे आहे. सगळ्या शर्यतींचे गुण जोडले, तर जो जास्त ठिकाणी गेला तो वर जातो. म्हणजे ज्याच्याकडे सुट्टी आणि प्रवासाचे पैसे आहेत, तो. म्हणून बऱ्याच ठिकाणी ‘सर्वोत्तम काही निकाल’ धरतात. ॲबट वर्ल्ड मॅरेथॉन मेजर्सची वयोगट रँकिंग ४० वर्षांवरच्या धावपटूंसाठी आहे. तिच्यात ५२ आठवड्यांच्या खिडकीतले सर्वोत्तम दोनच निकाल मोजतात.

आता हे बीडला लावून बघा. आपल्याकडच्या मोठ्या शर्यती थंडीत होतात; मुंबई मॅरेथॉन तर जानेवारीत. आणि नेमक्या त्याच महिन्यांत जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला गेलेली असतात. कुणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशी सहा शर्यतींची मालिका काढली आणि सहाही शर्यती सक्तीच्या केल्या, तर कोयता हातात असलेला माणूस पहिल्याच दिवशी बाहेर. तेच वर्षभरातले सर्वोत्तम तीन निकाल धरले आणि दोन शर्यती पावसाळ्यात ठेवल्या, तर तोही तक्त्यात येतो. कोडमध्ये बदल एका ओळीचा, पण त्याने आत कोण आणि बाहेर कोण, हे बदलतं.

डेटा खोटा, तर रँकिंग खोटी

चिपला माणूस ओळखता येत नाही. दुखापत झाली म्हणून काकांचा बिब पुतण्या घालून पळाला, की ५५ वर्षांवरच्या गटातलं कुणाचं तरी हक्काचं पदक गेलं. ही मदत नव्हे, फसवणूकच. दुसरी अडचण जन्मतारखेची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली कितीतरी माणसं आपल्या घरात आहेत. गट पाच वर्षांचे असल्याने वर्ष चुकलं की गटही चुकू शकतो. त्यामुळे आयोजकांनी कोणतं कागदपत्र ग्राह्य धरायचं आणि वय कोणत्या तारखेला मोजायचं, हे सीझनच्या आधी जाहीर करावं. नाहीतर मध्येच वाढदिवस आला की वाद सुरू.

स्वतः करून बघा

गावात सकाळी पळणारे दहा जण असतील, तर मोबाइलवर गूगल शीट उघडा. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात जन्मतारीख, पुढे प्रत्येक शर्यतीची टक्केवारी. ‘लार्ज’ नावाचं फंक्शन वापरून प्रत्येकाचे सर्वोत्तम तीन आकडे काढा, त्यांची बेरीज करा आणि क्रम लावा. शीट सगळ्यांना फक्त बघण्यासाठी शेअर करा, पण त्यात जन्मतारखेऐवजी नुसता वयोगट दिसू द्या.

आणि पहिली शर्यत लावायच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून एवढंच विचारा: वर्षातले कोणते महिने तुम्ही गावात असता? नियम त्या उत्तरावरून लिहा.