तीन सेकंदांची धाव

इंदूरचा सांवेर रोड म्हणजे ट्रक, टेम्पो आणि कारखान्यांच्या पाळ्या. तिथल्याच एखाद्या वस्तीतल्या बगीच्यात संध्याकाळी उभे राहा आणि चार-पाच वर्षांच्या एकाच पोरावर नजर ठेवा. धावलं. थांबलं. वाकून मुंगळा बघितला. घसरगुंडीकडे झेपावलं, अर्ध्यात विसरलं, मातीत बसलं, पुन्हा सुसाट! याला काय व्यायाम म्हणायचा?

हाच तर व्यायाम. 1995 साली अमेरिकेत सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या हालचाली दर 3 सेकंदांनी टिपल्या गेल्या. जोराची हालचाल साधारण किती टिकत होती? फक्त 3 सेकंद! सलग 15 सेकंदांपुढे ती क्वचितच जायची.

मग ही पोरं दमत का नाहीत? 2018 साली फ्रान्समध्ये आठ ते बारा वर्षांची मुलं, साधी मोठी माणसं आणि दमसासाचे कसलेले खेळाडू यांना सायकल दामटायला लावलं. जोर काढून झाल्यावर मुलं खेळाडूंइतकीच, काही बाबतींत त्यांच्याहूनही झटपट सावरली! आजोबा बाकावर धापा टाकत असतात तेव्हा नात 'परत, परत' का ओरडते, ते आता कळेल.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाला 180 मिनिटं हालचाल करावी, त्यातली 60 चांगली जोरकस. आकडा ऐकून छातीत धस्स होतं. पण ही मिनिटं अशाच तुकड्यांनी साचतात, आणि तुकड्यांना जागा लागते. दोन खोल्यांच्या घरात तिसऱ्या सेकंदाला भिंत येते.

आता वजनाची गंमत. पहिल्या वाढदिवसानंतर उंचीच्या मानाने मूल हळूहळू सडसडीत होत जातं आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास सर्वांत बारीक दिसतं. 'नातू वाळला' म्हणून आजी हळहळते, पण शरीराची रीतच ती! त्यानंतर मूल पुन्हा भरू लागतं. उलट हा चढ फार लवकर सुरू झाला, तर पुढे लठ्ठपणाची शक्यता वाढते.

पण बारीक म्हणजे चरबी कमी, असंही नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडच्या बाळांचं 3.5. तरी पाठीच्या कातडीखालची चरबी जवळपास तेवढीच. कमी होते ते स्नायू! म्हणून आपल्याकडे काटकीसारख्या पोरानेही लोंबकळायला, चढायला हवं.

बाग जवळ असली तर खरंच फरक पडतो? दक्षिण कॅलिफोर्नियात 3000हून अधिक मुलांचा नवव्या-दहाव्या वर्षापासून आठ वर्षं मागोवा घेतला. घरापासून 500 मीटरच्या आत बागेची जागा जितकी जास्त, तितकं अठराव्या वर्षी उंचीच्या मानाने वजन कमी. फरक मोठा नव्हता, आणि सगळं श्रेय बागेचंच असंही नाही. तरी अर्ध्या किलोमीटरचा हा धागा मला थक्क करतो.

मात्र ते 500 मीटर चार वर्षांच्या पावलांनी मोजायचे. मध्ये सांवेर रोड आडवा आला, तर मोठ्या माणसाचा हात मोकळा होईपर्यंत ती बाग पोरासाठी उज्जैनइतकी लांब.