बेटावरची सात दिवसांची शाळा



शाळेची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ठरलेली ठिकाणे येतात. प्रतापगड, पन्हाळा, महाबळेश्वर, फार तर कोकणातला एखादा किनारा. आमच्या दुष्काळी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेने मात्र गेल्या फेब्रुवारीत आठवी-नववीची ३२ मुले-मुली थेट अंदमानला नेली. पालकांनी वर्षभर दरमहा थोडे थोडे पैसे शाळेत जमा केले होते. बेटावरची शेती मुलांना कुणीतरी नीट समजावून सांगावी म्हणून मुख्याध्यापकांनी मलाही बरोबर घेतले.

निघण्यापूर्वीच्या पालकसभेत एका पालकाने सरळच विचारले, "साहेब, पोराला समुद्र दाखवून शेतात काय पिकणार? तेवढ्या पैशात दोन-चार गुंठ्यांना ठिबक झालं असतं." प्रश्न रास्त होता. आपल्या घरात रुपया कष्टाने येतो, तेव्हा तो कुठे जातो हे विचारलेच पाहिजे. म्हणून त्या सात दिवसांत मुलांनी काय पाहिले आणि काय गाठीला बांधून आणले, याचा हिशेब येथे मांडत आहे.

बेटे आहेत तरी कुठे?

अंदमान आणि निकोबार ही बंगालच्या उपसागरातली बेटे. लहानमोठी मिळून पाचशेहून अधिक, पण माणसांची वस्ती जेमतेम तीसेक बेटांवर. चेन्नईहून राजधानी सुमारे बाराशे किलोमीटर दूर. जहाजाने जायला तीन दिवस लागतात, विमानाने दोन-अडीच तास. आम्ही रेल्वेने चेन्नई गाठली व तेथून विमानाने गेलो. राजधानीचे पोर्ट ब्लेअर हे नाव बदलून २०२४ साली श्री विजयपुरम असे करण्यात आले.

ही बेटे पूर्वेला असल्याने घड्याळ आपलेच, पण सूर्य आपल्याआधी उगवतो आणि फेब्रुवारीतही साडेपाचच्या सुमारास मावळतो. मुलांना पहिले नवल त्याचेच वाटले. दुसरे नवल भाषेचे. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, झारखंडकडची, अशी सगळीकडची माणसे येथे वसली आहेत आणि बाजारात सर्वांची भाषा हिंदी.

घाण्याला बैल कुठे आहे?

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल पाहिले. इंग्रजांनी १८९६ ते १९०६ या काळात हा तुरुंग बांधला. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत, त्यांपैकी आता तीन उरल्या आहेत. सुमारे सातशे कोठड्या, प्रत्येकीत एकच कैदी. बाबाराव सावरकर येथेच होते. १९११ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनाही येथे आणले आणि दोघे भाऊ १९२१ पर्यंत याच तुरुंगात राहिले.

अंगणात तेलाचा घाणा मांडून ठेवला आहे. तेथे त्याला कोलू म्हणतात. एका मुलीने विचारले, "याला बैल कुठे जुंपायचे?" बैल नव्हतेच. कैद्याला जुंपत आणि दिवसाला ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर खोबरेल काढायला लावत. नाही काढले तर शिक्षा. घरच्या बैलालाही दुपारी सोडून सावलीत बांधणारी ही मुले. पुस्तकातले दहा धडे जे सांगणार नाहीत ते त्या एका घाण्याने सांगितले. १९७९ साली हे जेल राष्ट्रीय स्मारक झाले.

पाऊस मोप, पण पाणी मोजून

दुसऱ्या दिवशी सकाळी चाथम बेटावरची लाकडाची गिरणी पाहिली. १८८३ साली सुरू झालेली ही गिरणी पडौकसारख्या इमारती लाकडासाठी प्रसिद्ध आहे. पण त्या दिवसाचा खरा धडा मुक्कामाच्या जागी मिळाला. प्रत्येकाला आंघोळीला एकच बादली! मुले चक्रावली. चारी बाजूंना हिरवीगार झाडी, आणि पाणी मोजून?

आमच्या भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अंदमानात तीन हजार मिलिमीटर, म्हणजे सहापट. तरीही जानेवारी ते एप्रिल या काळात तेथे पाण्याची ओढ असते. राजधानीला मुख्यतः धनीखाडीच्या धरणाचे पाणी येते आणि कडक उन्हाळ्यात नळाला दररोज पाणी येत नाही.

असे का? कारण साधे आहे. पाऊस मे ते डिसेंबर या आठ महिन्यांत पडतो. जमीन डोंगरउताराची, मातीचा थर बऱ्याच ठिकाणी पातळ, ओढे आखूड आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. पडलेले पाणी थांबायच्या आतच खारट होऊन जाते. मी मुलांना विचारले, "आपल्याकडे पाऊस कमी, इथे जास्त, तरी टंचाई दोन्हीकडे. मग चुकते कुठे?" थोडा वेळ कुणी बोलेना. मग नववीतला एक मुलगा म्हणाला, "साहेब, पाऊस किती पडला यापेक्षा किती अडवला ते महत्त्वाचं." सहलीचे निम्मे पैसे मला तेथेच वसूल झाले असे वाटले.

खाऱ्या जमिनीवर गादीवाफा

तिसरा दिवस शेतीचा. गाराचरमा येथे केंद्रीय द्वीप कृषी अनुसंधान संस्था आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ती १९७८ साली सुरू केली. तेथे मुलांनी नारळ-सुपारीच्या बागेत मिरीचे वेल, लवंग, जायफळ, दालचिनी अशी एकाखाली एक लावलेली पिके पाहिली. निकोबारी कोंबडी पाहिली. आखूड पायांची ही देशी जात परसात सहज वाढते आणि अंडीही चांगली देते.

वाटेत सिप्पीघाटचा परिसर लागतो. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामी आली, तेव्हा भूकंपाने दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली. जेथे भात डोलत होता तेथे भरतीचे पाणी येऊ लागले. काही शेते कायमची पाण्याखाली गेली, तर काही खारावली. धरणात जमीन गेलेली माणसे आपल्याकडे आहेत. पण एका सकाळीत शिवार समुद्रात जाणे म्हणजे काय, हे मुलांनी त्या पाण्याकडे पाहून जाणले.

अशा पाणथळ आणि खाऱ्या जमिनीसाठी तेथे रुंद गादीवाफा आणि चर ही पद्धत वापरतात. चर खणून त्याची माती शेजारी टाकायची आणि उंच, रुंद वाफा करायचा. पावसाने वाफ्यातले मीठ धुऊन खाली जाते आणि वर भाजीपाला येतो. चरात पावसाचे पाणी साठते. त्यात मासे पाळता येतात आणि पुढे तेच पाणी भाजीला होते. आपल्याकडे कालव्याखालच्या ज्या जमिनी पाणी साचून खारावल्या आहेत, तेथील शेतकऱ्यांनी या पद्धतीचा जरूर विचार करावा. मात्र आधी माती तपासून घ्यावी आणि पाण्याचा निचरा कसा होईल ते पाहावे.

भाजी पिकवणारे बेट

चौथा आणि पाचवा दिवस शहीद द्वीपावर गेला. पूर्वीचे नाव नील. २०१८ साली हे नवे नाव मिळाले. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना अंदमानात जमिनी दिल्या गेल्या. त्यांतली काही कुटुंबे १९६० नंतरच्या दशकात या बेटावर आली. गावांची नावे सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर! जंगल तोडून त्यांनी शेत केले आणि आज येथील भाजी बोटीने राजधानीच्या बाजारात जाते.

पावसाळ्यात भात. 'सी १४-८' हा उंच वाढणारा, सहा महिने घेणारा जुना वाण अजूनही लोकांच्या आवडीचा आहे. भात निघाला की ओलीवर आणि तळ्यातल्या पाण्यावर भाजी. नारळाची सोडणे फेकून देत नाहीत. झाडाच्या आळ्यात पुरली की ती ओल धरून ठेवतात. आमच्या मुलींनी हे वहीत चित्र काढून टिपले. आपल्याकडे सोडणे नसली तरी उसाचे पाचट, तुरीचा भुसा, गवत आहेच. ते बांधावर पेटवून देणाऱ्यांनी याचा विचार करावा.

न पाहिलेले ठिकाण

सहाव्या दिवशी बारातांगच्या चुनखडीच्या गुहा पाहण्याचा बेत होता. त्याचा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तेथे गाड्या ताफ्यानेच सोडतात. थांबणे, फोटो काढणे, खाऊ देणे यांस मनाई आहे. हा रस्ता बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला होता, तरी वाहतूक चालूच राहिली. बाहेरच्या माणसांचे आजार या लोकांना झेपत नाहीत. १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ पसरली होती.

शिक्षकांनी आदल्या रात्री हे सारे मुलांपुढे ठेवले. एक मुलगी म्हणाली, "आपल्या वस्तीवरून रोज गाड्या जाऊन लोक आपल्याकडं वाकून बघायला लागले, तर आपल्याला चालेल का?" बेत रद्द झाला. काही मुले हिरमुसली, पण कुणी हट्ट धरला नाही. दिवस खारफुटी पाहण्यात गेला. तिची मुळे गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात. आपल्या बांधावरची झाडे जे काम पावसात करतात, तेच ही झाडे भरतीत करतात.

परका पाहुणा

सातव्या दिवशी रॉस बेट पाहिले. आता त्याचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इंग्रजी अमलाच्या पडक्या इमारतींमधून चितळे हिंडतात. मुलांना ती गोड वाटली. पण चितळ मुळात अंदमानचे नव्हे, इंग्रजांनी आणून सोडलेले. त्याला खाणारा वाघ येथे नाही, म्हणून ते वाढले आणि कोवळी रोपे खाऊ लागले. मोठी आफ्रिकी गोगलगायही अशीच, दुसऱ्या महायुद्धात जपानी अमलात आलेली. आज ती भाजीपाल्याची शत्रू आहे. बाहेरून बेणे, रोपे, माती आणताना आपण किती जपले पाहिजे, याचा हा धडा.

शंख-प्रवाळ कुणी पिशवीत घातले नाही. प्रवाळाला तर कायद्याचेच संरक्षण आहे.

आल्यावर काय केले?

परतल्यावर मुलांनी शाळेचे छप्पर मोजले. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर ३०० चौरस मीटर, पाऊस ५०० मिलिमीटर, म्हणजे दीड लाख लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी सव्वा लाखाच्या जवळ. आजवर हे सारे पागोळ्यांवाटे रस्त्यावर जात होते. मेअखेर ग्रामपंचायत आणि पालक यांच्या मदतीने पन्हळ बसली, गाळणीचा खड्डा झाला आणि पाणी शाळेच्या आटलेल्या विहिरीकडे वळवले.

हाच हिशेब घरचा करून पाहा. ५० चौरस मीटरचे पत्र्याचे छप्पर असेल, तर पाचशे मिलिमीटर पावसात वीस हजार लिटर पाणी धरता येते. घरातल्या शाळकरी मुलाला टेप आणि वही द्या. तो मोजून देईल.

ज्या शाळांना अशी सहल काढायची असेल त्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पैसे वर्षभर हप्त्याने जमवावेत. संशोधन संस्थेला आधी पत्र लिहून दिवस ठरवावा. जीवरक्षक नसेल तेथे मुलांना समुद्रात उतरू देऊ नये, कारण काही किनाऱ्यांवर मगरींचा धोका आहे. आणि प्रत्येक मुलाच्या हाती वही असावी. अंदमान लांब वाटले तर जवळचे एखादे कृषी विज्ञान केंद्र किंवा पाणलोटाचे चांगले काम झालेले गाव निवडावे. मुलाने परक्या गावचे पाणी पाहावे आणि घरी येऊन आपले मोजावे, एवढे झाले तरी सहलीचा खर्च कारणी लागला.