आखाडातला धूर

आषाढ लागला की अवसरी खुर्दमध्ये आभाळ आणि ताट एकमेकांच्या आड येतात. श्रावणाआधी मटण-कोंबडी खाऊन घ्यायची ती याच महिन्यात, आणि दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही तोही याच महिन्यात. आखाड पार्टी एरवी पातेल्यात शिजते, म्हणून पावसाचं कुणाला सोयरसुतक नसतं. पण समजा, यंदा एखाद्या हौशी नवशिक्यानं ठरवलं की रस्सा नको. दोनशे लिटरचं लोखंडी पिंप अंगणात उभं करायचं, तळाशी कोळसा आणि लाकूड, वर जाळी, जाळीवर कोंबडीच्या तंगड्या आणि बोकडाचा अख्खा खांदा. झाकण लावून मंद आचेवर, धुरात, तासन् तास ठेवायचं. परदेशी व्हिडिओत हे सगळं कोरड्या उन्हात, हिरवळीवर चाललेलं असतं. इथं बुरबुर लागलेली, वारा सुटलेला आणि सरपण ओलसर.

घरातून पहिला सवाल येतो: ‘हवाच एवढी ओली, त्यात काय धुरी देणार?’

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भीमाशंकरच्या रांगांवर, पाऊस धो धो कोसळतो. मंचरच्या शेजारी, पूर्वेकडच्या अवसरीपर्यंत येताना त्याचा जोर ओसरतो. राहते ती झड: बारीक पाऊस, वारा आणि न वाळणारे कपडे. हवेतली आर्द्रता ९५ टक्क्यांपर्यंत जाते. पण हा आकडा सापेक्ष असतो. हवेत त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढी वाफ मावेल, त्यातली किती टक्के आहे, एवढंच तो सांगतो. हवा तापली की तिची वाफ सामावण्याची क्षमता झपाट्यानं वाढते. २४ अंश सेल्सियस आणि ९५ टक्के आर्द्रतेची हवा, आत थेंबभरही पाणी कमी न करता, ४० अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता ३८ टक्क्यांवर येते. पिंपात ११० अंश असतील, तर बाहेरून आत शिरलेल्या त्याच हवेची आर्द्रता उरते जेमतेम २ टक्के. म्हणजे आखाडातली ओली हवा पिंपाच्या पोटात वाळवंटापेक्षा कोरडी होते.

हे गणित न मांडताही आपल्याकडच्या चुलींना ठाऊक होतं. मांसाच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या आणि त्या ‘चान्या’ पुढे कित्येक दिवस पुरवून खायच्या, ही दलित स्वयंपाकघरांतली जुनी रीत. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५च्या पुस्तकामुळे मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांचं हे अन्न छापील मराठीत ठसठशीतपणे आलं. चान्यांना ऊन लागतं. ऊन नसेल तेव्हा ३८ टक्क्यांची हवा तयार करणारी एकच जागा घरात असते: चुलीच्या वरची. गोव्यात पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या बेगमीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. त्या बेगमीतली चोरीस, म्हणजे मीठ, व्हिनेगर आणि मिरचीत मुरवलेलं डुकराचं मांस आतड्यात भरून केलेल्या माळा, उन्हात वाळते आणि चुलीच्या धुरावरही टांगली जाते. ऊब पाणी ओढून घेते. धुरातली फिनॉल चरबीला खवट होऊ देत नाहीत. फॉर्मल्डिहाइड आणि अॅसिटिक आम्ल पृष्ठभागावरच्या जंतूंना आवर घालतात.

मात्र धूर मांसाच्या आत फारसा शिरत नाही. आतली राखण मीठ आणि आंबटपणा करतात. १८२०च्या सुमारास युस्टिनुस केर्नर या जर्मन डॉक्टरनं, जो कवीही होता, धुरावलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा अभ्यास केला. त्या विषबाधेला पुढं ‘बोट्युलिझम’ हे नाव पडलं. लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ म्हणजे सॉसेज. त्यामुळे नवशिक्यानं मांस टिकवण्याच्या भानगडीत पडू नये. धुरात पूर्ण शिजवावं आणि त्याच दिवशी खावं.

मग पावसाची भीती कशाची? वाफेची नाही, पाण्याची.

पिंपाच्या झाकणाचा व्यास साधारण ५८ सेंटिमीटर. तासाभरात १० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या झाकणावर सुमारे २.६ लिटर पाणी पडतं. २४-२५ अंशांचं एक लिटर पाणी उकळून त्याची वाफ करायला सुमारे २,६०० किलोज्यूल उष्णता लागते. सगळं पाणी झाकणावरच आटलं, तर तासाला सव्वादोनशे ग्रॅम कोळसा नुसता पाऊस वाळवण्यात खर्च होईल. प्रत्यक्षात बरंचसं पाणी ओघळून जातं, पण जाता जाता तेही पत्रा गार करतं. वारा दोन्ही बाजूंनी घात करतो. बाहेरून पत्र्याची उष्णता पळवतो आणि खालच्या भोकांतून आत घुसून निखारे फुलवतो. पिंपातल्या थर्मामीटरचा काटा एकदा ९० वर, एकदा १५० वर. उपाय साधा: पिंपापासून अंतर राखून, उंचावर तिरका पत्रा, वाऱ्याच्या बाजूला विटांचा आडोसा आणि वाऱ्याकडचं भोक बंद.

दुसरं पाणी लाकडात. उन्हाळ्यात वाळलेलं सरपणही आखाडात उघड्यावर राहिलं, तर हवेतूनच ओल ओढतं. ९० टक्के आर्द्रतेत त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे पाचवा भाग पाणी लाकडात मुरतं. प्रत्यक्ष भिजलं तर कितीतरी जास्त. असं लाकूड आधी आपलं पाणी उकळतं, मग जळतं. तोवर आच खाली येते आणि ज्वलन अर्धवट राहतं.

ते ओळखायला उपकरण लागत नाही, धुराचा रंग पुरतो. चांगल्या जाळाचा धूर विरळ, निळसर असतो. त्यातले कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरपेक्षा, लहान असतात आणि निळा प्रकाश जास्त विखुरतात. आकाश निळं दिसतं तेही अशाच विखुरण्यामुळे. ओल्या लाकडाच्या धुरात पाण्याचे आणि डांबरट द्रव्यांचे मोठे थेंब असतात. ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून तो धूर डोक्यावरच्या ढगांसारखा दाट पांढरा दिसतो. त्यात मांस ठेवलं, तर चव औषधासारखी कडवट होते. पांढरा धूर निवळेपर्यंत मांस आत जायला नको.

हवाहवासा वास येतो तो मुख्यतः लिग्निनमधून. लाकडाला ताठपणा देणारं हे द्रव्य तापून तुटलं की ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल तयार होतात. पहिल्यातून धुरकट चव, दुसऱ्यातून वास. बाभूळ, आंबा, चिंच, पेरू यांचं वाळलेलं लाकूड चालतं. कण्हेर विषारी, ती चुलीजवळही नको. रंग दिलेल्या फळ्या नकोत. पॅकिंगच्या लाकडावर ‘एमबी’ ही इंग्रजी अक्षरं छापलेली असली, तर त्याला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, तेही वर्ज्य. पिंपात पूर्वी रसायन भरलेलं असेल, तर पिंपसुद्धा.

दोन-अडीच तास झाले. तंगड्या होत आल्या, पण बोकडाच्या खांद्यात खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा ६७ अंशांवर अडकला. अर्धा तास गेला, तास गेला, हलायचं नाव नाही. नवशिक्याला वाटतं, पावसानं जाळ मारला. तो घाईनं लाकडं कोंबतो, नेमकी ओली. जाळ मेलेला नसतोच. मांसातून पाझरणारं पाणी पृष्ठभागावर आटतं आणि आत येणारी उष्णता स्वतःबरोबर घेऊन जातं, माठातलं पाणी गार राहतं तसंच. चरबी वितळण्यामुळे काटा थांबतो, असं धुरी देणारे अनेक वर्षं मानत आले. ग्रेग ब्लाँडर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं प्रयोगांतून दाखवलं की कारण बाष्पीभवन हेच आहे. पृष्ठभाग कोरडा पडला की काटा पुन्हा चढतो. घाई असेल तर खांदा अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचा. बाष्पीभवन थांबतं, मुक्कामही संपतो.

धीर धरायचा, पण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात मांस रेंगाळू द्यायचं नाही. तिथं जंतू सर्वांत जोमानं वाढतात, सोयीची स्थिती मिळाली तर काही दर वीस मिनिटांना दुप्पट होतात. त्यामुळे ‘बघू झालं का’ म्हणून दर दहा मिनिटांनी झाकण उघडणं महागात पडतं. कोंबडीच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश, ही अमेरिकेच्या कृषी खात्यानं सांगितलेली खूण. ती डोळ्यांनी दिसत नाही, त्यासाठी सुईचा थर्मामीटर लागतो. चरबी थेट निखाऱ्यावर टपकली, तर बेंझोपायरीनसारखी कर्ककारक द्रव्यं वाढतात. युरोपीय संघानं २०१४पासून धुरावलेल्या मांसात त्याची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅमवर आणली. तेव्हा मांसाखाली ताटली हवी आणि असा बेत क्वचितच हवा.

पाऊस वाढला की खरा मोह होतो तो पिंप गोठ्यात किंवा बंद शेडमध्ये ओढून नेण्याचा. ते कधीही करू नये. धुमसणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. शिवाय हा जुन्नर वनविभागाचा, उसातल्या बिबट्यांचा मुलूख आहे. मांस सकाळीच चढवावं, दिवस मावळायच्या आत उतरवावं, आणि हाडं-आतडी अंगणात पडू देऊ नयेत. त्यांच्यामागे कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

संध्याकाळी पाच वाजता ताटं मांडली जातात. तंगडी कापली की कातडीखाली गुलाबी कडा दिसते, आणि आजी निकाल देते: ‘आरं, कच्चंच हाय की हे!’ थर्मामीटर तर ७८ दाखवत असतो. गुलाबी रंग धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचा आणि त्याच कार्बन मोनॉक्साइडचा. हिमोग्लोबिनला चिकटणारा हा वायू हिमोग्लोबिनच्या स्नायूंतल्या भाऊबंदाला, मायोग्लोबिनलाही चिकटतो, आणि मग शिजवूनही त्याचा रंग तपकिरी होत नाही. मांस गार आणि ओलसर असताना धूर त्यावर जास्त बसतो, त्यामुळे आखाडात ही कडा छान उमटू शकते. आजीला मायोग्लोबिन पटत नाही. अर्ध्या तंगड्या चुलीवरच्या रश्श्यात जातात. ग्वायाकॉल चरबीत विरघळतो. दहा मिनिटांत रश्श्यावरच्या तर्रीला धुराचा वास लागतो, आणि आजी दुसऱ्यांदा वाटी पुढं करते.