‘अजिनोमोटो नको’, पण बाकीचे काय?

दादरच्या गल्लीतली चायनीजची गाडी असो की वांद्र्यातले महागडे थाई रेस्टॉरंट, ऑर्डर देताना मुंबईत एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘अजिनोमोटो घालू नका.’ वेटर मान डोलावतो आणि टेबलावरची मंडळी निश्चिंत होतात. त्याच टेबलावर एखाद्याला कोळंबीने अंगावर पित्त उठत असते, एखाद्याला रक्तदाबाची गोळी सुरू असते. त्यांना ज्या पदार्थांपासून खरा धोका आहे, त्यांची चौकशी मात्र कोणी करत नाही.

अजिनोमोटो हे एका जपानी कंपनीचे नाव. पदार्थाचे नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटले. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत, मुरवलेल्या चीजमध्ये आणि आईच्या दुधातही असते. भीतीची सुरुवात झाली १९६८ मध्ये. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट हो मान क्वोक यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला एक पत्र लिहिले. चिनी रेस्टॉरंटमध्ये जेवल्यावर मानेत बधिरपणा, अशक्तपणा आणि धडधड जाणवते, असे त्यात होते. कारण म्हणून त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, मीठ आणि ग्लुटामेट अशा अनेक शक्यता मांडल्या होत्या. लोकांच्या लक्षात राहिले ते फक्त ग्लुटामेट.

त्यानंतर झालेल्या नियंत्रित चाचण्यांत, उपाशीपोटी एकदम मोठी मात्रा दिल्यावर काही जणांना थोडा वेळ सौम्य त्रास झाला. जेवणात असते तेवढ्या प्रमाणात मात्र असा परिणाम सातत्याने दिसला नाही. ज्यांना त्याने डोके दुखते असे वाटते, त्यांनी ते टाळावे. पण ‘अजिनोमोटो नाही म्हणजे जेवण सुरक्षित’ हा निष्कर्ष चुकीचा आहे.

ताट बदलले, प्रश्न तोच राहिला

मुंबईकरांची आशियाई जेवणाशी ओळख झाली ती देशी चायनीजमधून. १९७० च्या दशकात नेल्सन वांग यांनी मुंबईतच चिकन मंचुरियन घडवले. सोया सॉस, व्हिनेगर, मिरची, लसूण आणि कॉर्नफ्लोअर ही त्या पद्धतीची ओळख. पुढे थाई, व्हिएतनामी, मलेशियन, कोरियन पदार्थ आले आणि त्यांच्याबरोबर डोळ्यांना न दिसणारे नवे घटक आले.

थाई रेड आणि ग्रीन करीच्या पारंपरिक वाटणात ‘कापी’ असते. बारीक कोळंबी मीठ लावून आंबवून केलेली ही पेस्ट. कोकणातला जवळा ज्या चिमुकल्या कोळंबीचा, तिच्याच जातभाईंपासून ती बनते. ‘नाम प्ला’ म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला सॉस, तो सॅलडपासून सूपपर्यंत सगळीकडे पडतो. पाड थाईत शेंगदाण्याचा कूट आणि अनेकदा सुकी कोळंबी असते. मसामन करी आणि साते यांच्या सॉसमध्येही शेंगदाणे असतात. ऑयस्टर सॉस कालवांपासून होतो. सोया सॉस आंबवताना सोयाबीनबरोबर सहसा गहू वापरतात, त्यामुळे सिलियाक आजार असलेल्यांनी तोही टाळायला हवा.

ताटात कोळंबीचा तुकडा दिसला तर माणूस बाजूला काढतो. वाटणात विरघळलेली कोळंबी बाजूला काढता येत नाही. ‘व्हेज थाई करी’ मागवली, म्हणून तिचे वाटण किंवा कढई वेगळी असेलच, असेही नाही.

‘पित्त उठते’ म्हणजे काय?

आपल्याकडे ‘मला कोळंबीची अॅलर्जी आहे’ असे फार थोडे लोक म्हणतात. ‘कोळंबी सोसत नाही, अंगावर पित्त उठते’ असे म्हणतात आणि आमसुलाचे पाणी लावून विषय संपवतात. आम्लपित्ताचा आणि या गांध्यांचा संबंध नाही. विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत दर वेळी गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, घसा खाजत असेल, तर ती अॅलर्जी असण्याची शक्यता मोठी आहे आणि तिची तपासणी करून घ्यायला हवी. मागच्या वेळी नुसती खाज आली, म्हणून पुढच्या वेळीही तेवढेच होईल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

या अॅलर्जीचे तीव्र रूप म्हणजे अॅनाफिलॅक्सिस. गांधी उठण्याबरोबर आवाज घोगरा होणे, दम लागणे, छातीत घरघर, वारंवार उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणे ही त्याची लक्षणे. काही वेळा त्वचेवर काहीच दिसत नाही आणि थेट श्वास अडकतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा त्यावरचा पहिला उपाय. हे औषध स्वस्त आहे आणि अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. खाजेची गोळी गांध्यांना आराम देते. श्वासनलिकेची सूज आणि कोसळणारा रक्तदाब तिला आवरत नाही. म्हणून गोळी देऊन वाट पाहण्यात वेळ घालवू नये.

अशा वेळी रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. दम लागत असेल तर पाय पसरून बसू द्यावे, पण उभे करू नये, चालवू नये. १०८ वर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे. बरे वाटले तरी काही तास देखरेखीखाली राहावे, कारण लक्षणे पुन्हा उलटू शकतात.

मिठाचा हिशेब

दुसरा धोका शांतपणे काम करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे दोन ग्रॅमहून जास्त मीठ. फिश सॉसमध्ये त्याहूनही अधिक. सूप, फ्राइड राइस आणि सोबतचा सॉस मिळून दिवसाचा कोटा एका बैठकीत संपू शकतो. गंमत अशी की वजनाला वजन पाहिले तर अजिनोमोटोत सोडियम सुमारे १२ टक्के असते आणि साध्या मिठात सुमारे ३९ टक्के. उच्च रक्तदाब, हृदय निकामी होण्याचा आजार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी सूपचा रस्सा वाडग्यात सोडावा, सॉस वेगळा मागवावा, भात साधा घ्यावा. दुसऱ्या दिवशी पायावर सूज किंवा दम वाढलेला वाटला तर डॉक्टरांना कळवावे.

काय विचारावे?

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार १० किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी अॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे अपेक्षित आहे. लहान रेस्टॉरंटमध्ये आपणच विचारावे लागते. ‘तिखट आहे का’ याच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. करीच्या वाटणात कोळंबी आहे का? यात शेंगदाणे, फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस पडतो का? कढई आणि तळणीचे तेल वेगळे आहे का? वेटरला माहीत नसेल तर त्याला स्वयंपाकघरात विचारून यायला सांगावे. अॅलर्जी असल्यास ‘आवडत नाही’ असे न म्हणता ‘याने मला दवाखान्यात जावे लागते’ असे स्पष्ट सांगावे. उत्तर गुळमुळीत आले तर तो पदार्थ सोडून द्यावा.

ज्यांना पूर्वी तीव्र त्रास झाला आहे, त्यांनी सोबतच्या माणसाला ते आधीच सांगून ठेवावे. श्वास अडकल्यावर बोलता येत नाही. तेव्हा शेजारच्याला माहीत असणेच कामी येते.