मंददृष्टी आणि पट्टीचा उपचार

‘आळशी डोळा’ हे रूढ नाव त्या डोळ्यावर अन्याय करणारे आहे. त्याची रचना बहुधा निर्दोष असते. तिरळेपणामुळे अथवा दोन डोळ्यांच्या नंबरांतील अंतरामुळे मेंदूच त्याच्या प्रतिमेची उपेक्षा करू लागतो. ह्यूबेल व वीझेल यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मांजराच्या पिलाची एक पापणी शिवून ठेवली असता मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी त्या डोळ्यास प्रतिसाद देईनाशा झाल्या.

यास्तव प्रथम चष्मा, आणि तेवढ्याने न भागल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी. चार वर्षांच्या मुलाचे दिसत होते तेच हिरावले जाते. ते पट्टी ओढून काढते यात हट्टापेक्षा शहाणपणच अधिक! अमेरिकेतील २००३ च्या तुलनात्मक चाचणीत, सात वर्षांखालील मध्यम मंददृष्टीच्या मुलांना रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरली. मात्र त्यांपैकी निदान एक तास जवळचे काम करावयाचे होते. चित्रे रंगविण्यात वा मणी ओवण्यात हा वेळ सहज सरतो. पट्टी मुळीच न सोसणाऱ्या मुलाच्या चांगल्या डोळ्यात, वैद्यकीय देखरेखीखाली, अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालून त्याची जवळची दृष्टी धूसर करता येते. उपचार थांबविल्यावर काही मुलांची दृष्टी पुन्हा मंदावते. म्हणून तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते.