वलद, बिन आणि कोम

बीड जिल्ह्यातल्या शेतकरी घरात वंशावळ सांगायला बसलं की आजोबा, पणजोबा, फार तर खापरपणजोबा एवढी नावं निघतात. त्यामागे उभा असतो 'मूळ पुरुष'. पांढरीत पहिलं घर त्यानं बांधलेलं, काळीत पहिला नांगर त्यानं घातलेला. त्याची गोष्ट घरातल्या सगळ्यांना येते, नाव क्वचितच.

सप्टेंबर २०२३ मध्ये, मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्र देण्यासाठी जुन्या नोंदी शोधायला, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि पूर्वजाच्या नावाचा हा घरगुती प्रश्न कचेरीच्या दप्तरखान्यात पोचला. मराठवाड्यातले १ कोटी ७२ लाखांवर कागद तपासून पहिल्या टप्प्यात ११,५३० कुणबी नोंदी मिळाल्या. आरक्षणाच्या निमित्तानं का होईना, रुमालात बांधलेली दप्तरं सुटली.

पूर्वजांचा माग आजपासून मागे काढत जायचा असतो. आधी सातबारा आणि फेरफार, मग १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक, पाहणीपत्रकं, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४. यात सर्वांत भरवशाचा धागा सर्व्हे नंबरचा, कारण माणूस गाव सोडतो, शेत जागा सोडत नाही. जमिनींच्या एकत्रीकरणात त्याचा गट नंबर झाला असेल, तर तो मेळ आधी लावून घ्यावा.

१७ सप्टेंबर १९४८ च्या मागे गेलं की निजामी राजवट लागते. १८८४ च्या सुमारास तिथला राज्यकारभार फारसीतून उर्दूत आला. गावपातळीवर मोडी चालूच होती. त्यामुळे एकाच घराण्याचा माग दोन-तीन लिप्यांत विखुरतो. साल फसली, म्हणजे महसुली असतं. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो, म्हणजे फसली १३१० हे १९००-०१. अंबाजोगाईचे कागद 'मोमिनाबाद' या नावाखाली शोधावे लागतात.

खरी अडचण माणसांच्या नावांची. जुन्या नोंदीत अनेकदा आडनाव नसतंच. 'राणू वलद संभा' किंवा 'राणू बिन संभा', म्हणजे संभाचा मुलगा राणू, एवढंच. एका गावात असे तीन राणू निघू शकतात. तेव्हा शेजारच्या शेताचा धनी, हिस्सा आणि भावांची नावं ताडून पाहिल्याशिवाय कुणालाही आपला पूर्वज म्हणू नये.

कचेरीबाहेरही एक दप्तर आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत यात्रेकरूंनी आपलं गाव आणि भावाबंदांची नावं लिहवून ठेवलेली असतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशा वह्यांचं मोल ओळखून अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेनं त्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या.

पण कागद कुणासाठी लिहिला गेला, हे विसरता येत नाही. महसुली दप्तर शेतसाऱ्यासाठी होतं, म्हणून ज्याची जमीन त्याचंच नाव. बाई त्यात येते ती बहुधा नवरा गेल्यावर जमीन नावावर झाली तर, तीही 'सखू कोम राघू', म्हणजे राघूची बायको म्हणून. तिचं माहेर, तिची आई, तिच्या मुली यांना रकाना नाही. आणि ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचं काय? सरकारनं कुणबी असल्याच्या पुराव्यासाठी नेमून दिलेल्या कागदांच्या यादीत कच्च्या कैद्यांची नोंदवही, अटक पंचनामे आणि पोलिसांची गाववारीही आहे. भूमिहीनाच्या पणतूला आपला पणजोबा कदाचित तिथेच भेटेल. त्यात त्यानं शरमून जाऊ नये. गरिबाची दखल राज्यानं कुठे घेतली, हे त्यावरून कळतं.

म्हणून मला वाटतं, प्रमाणपत्र हाती आलं की हा शोध थांबवू नये. या दिवाळीत घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी वही घेऊन बसा. आजी-पणजीचं नाव, तिचं माहेर, लेकी कुठे दिल्या, दुष्काळात कोण कुठे गेलं, ते लिहा आणि लिहिल्याची तारीख घाला. आपल्या दप्तराला जो रकाना नव्हता, तो आपणच आखायचा आहे.