गंध, पारध आणि जातीचे नाक

सांबर किंवा रानडुक्कर माणसाला डोळ्यांनी ओळखण्याआधी नाकाने ओळखते. म्हणून शिकारीच्या शास्त्राचा पहिला धडा नेमबाजीचा नाही, वासाचा आहे. स्वतःचा वास झाकणे आणि सावजाला ओढणारा वास मांडणे, ही त्या शास्त्राची दोन अंगे. वरवर पाहता हा विषय या पानांचा वाटणार नाही. पण हे ज्ञान कोणाचे, आणि तेच ज्ञान वापरले की कोणाला बक्षीस मिळते व कोणाच्या हातात बेडी पडते, असे विचारले की विषय आपलाच होतो. मी नागपुरात विज्ञान शिकवतो. म्हणून आधी शास्त्र सांगतो, मग समाजशास्त्र.

माणसाच्या ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्या घामाचे विघटन करतात, त्यातून हवेत उडणारी द्रव्ये तयार होतात आणि त्यांनाच आपण अंगाचा वास म्हणतो. ही क्रिया थांबत नाही. आंघोळ केली, अंगाला माती फासली, कपड्यांना धूर दिला, तरी मनुष्यगंध पुसला जात नाही. त्याच्यावर फक्त दुसरा वास चढतो. तीक्ष्ण नाकाच्या जनावराला हे दोन वास वेगळे करता येतात. म्हणून जाणता पारधी लेपापेक्षा वाऱ्यावर विश्वास ठेवतो. चिमूटभर धूळ बोटांतून सोडायची, ती कुठे जाते ते पाहायचे आणि वारा तोंडावर घेऊन चालायचे. डोंगरउतारावर पहाटे गार हवा खाली उतरते आणि ऊन तापले की वर चढते. हे भान नसेल तर उत्तम बंदूकही निरुपयोगी.

झाकण्याची खरी करामत विदर्भातल्या फासेपारध्यांनी साधली. शिकवून तयार केलेली गाय किंवा बैल पुढे चरत राहतो आणि त्याच्या आडोशाने वाकलेला पारधी फासे मांडत जातो. माळावरच्या जनावरांना गुराची आकृती, गुराची चाल आणि गुराचा वास रोजचा. त्यामुळे ती बिचकत नाहीत. बाटलीतले कोणतेही द्रव्य जे साधू शकत नाही, ते एका शिकवलेल्या गाईने साधले. हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाचे फळ आहे. ज्याला शाळेची पायरी नाकारली गेली त्याने माळरानाला शाळा केले.

ओढणाऱ्या वासाचे गणितही असेच. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाची फुले पडू लागली की त्यांच्या गोड, आंबूस वासावर अस्वल येते, चितळ येते. खारवट मातीच्या जागी सांबर येते. वाघाला मात्र वाघाच्या वासाची उत्सुकता असते. तो झाडाझुडपांवर जो द्राव फवारतो, ती त्याची सही आणि जाहीर सूचनाही. बंगालचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या द्रावात जे सुगंधी द्रव्य दाखवून दिले, तेच बासमती तांदळात आणि आपल्या आंबेमोहरात असते. निसर्गाच्या लेखी सुवास आणि दुर्गंध अशी वर्णव्यवस्था नाही, एवढे तरी यावरून कळावे.

आता समाजशास्त्राकडे. 1871 हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. नागपूर ज्याची राजधानी होते त्या मध्य प्रांताचे हे अधिकारी, आणि जंगल, जमाती व शिकार हा त्यांच्या पुस्तकाचा विषय. त्याच वर्षी गुन्हेगार जमाती कायदा झाला. आरंभी तो उत्तरेकडच्या प्रांतांपुरता होता. 1911 च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली आणि पारध्यांसारख्या जमातींच्या कपाळावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. साहेबाची आणि संस्थानिकाची शिकार उभी राहायची ती स्थानिकांच्या पावलांवर. माग काढणारे ते, रान उठवणारे ते, वाऱ्याची दिशा सांगणारेही तेच. पण कातडे साहेबाच्या दिवाणखान्यात लागले आणि ज्ञान साहेबाच्या पुस्तकात गेले. पारध्याच्या वाट्याला पोलीस ठाण्यातली हजेरी आली. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा गेला. संशय गेला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला. ते योग्यच झाले. परंतु फासा हातातून काढून घेताना त्या हाताला दुसरे काम देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही.

नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर पांढरकवडा-राळेगाव भागात 2018 साली जे घडले ते या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. टी-1 ऊर्फ अवनी या वाघिणीवर दोन वर्षांत 13 माणसे मारल्याचा ठपका होता. मेलेले बहुतेक शेतकरी, गुराखी, मजूर. तिच्या शोधासाठी हत्ती आणले, शिकारी कुत्रे आणले, शेवटी परदेशी अत्तर आणले. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात 2003 साली चित्त्यांपुढे 24 अत्तरे ठेवून पाहिली होती, तेव्हा 'ऑब्सेशन फॉर मेन' या पुरुषी अत्तराशी ते सर्वांत जास्त वेळ घुटमळले. त्यातल्या सिव्हेटोन या द्रव्याचे मूळ जवादी मांजराच्या गंधग्रंथीत आहे. आता ते कारखान्यात तयार होते. हे अत्तर आणि दुसऱ्या वाघिणीचे मूत्र बोराटीच्या जंगलात फवारले गेले. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री वाघीण गोळीने मेली आणि त्या मृत्यूवर पुढे चौकशा व न्यायालयीन वाद झाले.

माझा प्रश्न वाघिणीपुरता नाही. अत्तराची बाटली सरकारी हातात असली की गंधाची विद्या शास्त्र ठरते, जगभर तिच्या बातम्या होतात. तीच विद्या बेड्यावरच्या म्हाताऱ्याला तोंडपाठ असेल तर तो पुरावा ठरतो, त्याच्याच विरुद्धचा! वाघांची चोरटी शिकार होते, टोळ्या आहेत, त्यांच्यामागे पैसेवाले व्यापारी आहेत. हे कोणी नाकारू नये. पण टोळीचा गुन्हा जमातीच्या नावावर मांडणे म्हणजे 1871 चा कायदा मनात जिवंत ठेवणे होय.

झाकणाऱ्या वासाची आणखी एक गोष्ट आपल्या इतिहासात आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या 108 घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. पारधी गाईच्या आडोशाने सावजापासून आपला वास लपवत होता, पोटासाठी. महाडच्या सवर्णांनी गाईचेच द्रव्य वापरून माणसाचा स्पर्श पुसू पाहिला, तो वर्चस्वासाठी. रानातल्या सांबराला सारी माणसे सारखीच माणसे वाटतात. ते ब्राह्मणाच्या वासानेही पळते आणि पारध्याच्याही. जातीचा वास घेणारे नाक जन्मतः येत नाही. ते घरात, शाळेत, पाणवठ्यावर घडवले जाते.

आणि ते नाक फक्त सवर्णांनाच असते असे समजण्याचे कारण नाही. श्रेणीबद्ध विषमता याचा अर्थच हा की प्रत्येक पायरीला खालच्या पायरीचा वास येतो. 'त्यांच्या अंगाला वास येतो' हे वाक्य पारध्यांबद्दल आपल्याही वस्त्यांत ऐकू येते. बेड्यावर पाण्याचा नळ नसतो, हे त्या वाक्यात कोणी सांगत नाही. वर्गात पारध्याचे पोर शेवटच्या बाकावर एकटे बसत असेल तर त्या शिक्षकाने आंबेडकरी असण्याचा अर्थ काय?

वाशिम-अकोला भागात काही फासेपारधी तरुण आज तणमोराची माळराने राखत आहेत. ज्या नजरेने बापजाद्यांनी फासे लावले त्याच नजरेने ते पक्ष्याचा ठावठिकाणा सांगतात. असे काम आणखी बेड्यांपर्यंत जायचे असेल तर वनखात्याने या माणसांना खबरे म्हणून नव्हे, जाणकार म्हणून पगारावर घ्यावे. आपल्या कार्यकर्त्यांनी बेड्यावरच्या नळासाठी, जातीच्या दाखल्यासाठी आणि पहिल्या बाकावरच्या जागेसाठी भांडावे. शिक्षकांनी वारा आणि वास यांचा धडा एखाद्या पारधी आजोबांना वर्गात बोलावून शिकवावा. तिथे ते गुरू असतील आणि त्यांचा नातू ते पाहत असेल.